'डिग' आणि एक टी-शर्ट

इंग्लंडमधल्या उत्खननांवरची एक मालिका मराठी सबटायटल्ससाठी माझ्याकडे आली. सोबत यंत्राने केलेला मराठी मसुदाही होता. त्यावर नुसता हात फिरवायचा, असं ठरलं होतं. पैसेही हात फिरवण्याचेच.

पहिल्याच प्रसंगात तंबूत जेवण मांडलेलं आणि प्रमुख बाई सगळ्यांना म्हणतात, "डिग इन!" खाली मराठी: "आत खणा." मग एका नव्या पोराला त्या त्याचे 'डिग्ज' कुठे आहेत ते विचारतात. मसुद्यात "तुझी खोदकामं कुठे आहेत?" आणि तो बिचारा भाड्याच्या खोलीचा पत्ता सांगतो. कुणी कुणाला टोमणा मारला, तर तोही 'डिग'. खणणं 'डिग', त्याची मोहीमही 'डिग'.

इथवर भराभर उरकलं. "करा सुरुवात", "राहतोस कुठे?", "टोमणे पुरे". 'उत्खननस्थळी' खोडून 'साइटवर' केलं; पुरातत्त्व शिकलेली माझी मैत्रीणही तसंच म्हणते.

अडलं ते चिखलाने माखलेल्या एका टी-शर्टपाशी. त्यावर छापलेलं: 'आय डिग इट'. शेजारची मुलगी ते मोठ्याने वाचून हसते, त्यामुळे गाळताही येईना. हा 'डिग' अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझवाल्यांचा. त्यांच्यातल्याच कॅब कॅलोवे या गायकाने १९३८ साली त्या बोलीचा छोटा कोश काढला, त्यात 'डिग'चे अर्थ भेटणं, बघणं, उमगणं असे दिलेत. 'आवडणं' हाही अर्थ त्याच बोलीतून पसरला. म्हणजे शर्टवाला खणतोय आणि त्याला ते भावतंयही, एकाच शब्दात.

"मला खणायला आवडतं" लिहिलं. अर्थ बरोबर, हसू गायब. "खोलात शिरतो" त्यापेक्षा बरं, पण शर्टावर कोण छापेल? बराच वेळ डोकं खाजवल्यावर सुचलं: "काम खणखणीत!" खणखणीतचा खणण्याशी काही संबंध नाही, तो शब्द धातूच्या 'खणखण' आवाजावरून आलेला. पण विनोदाला व्युत्पत्ती कुठे लागते?

तपासनीस बाईंचा शेरा आला, "मुळात 'काम' नाही." मी कळवलं, मुळात हसू आहे, तेवढं राखलंय. त्यांनी ओळ ठेवली आणि पुढच्या भागाची फाइल धाडली. त्यात १६४९ साली सरे परगण्यातल्या सामाईक पडीक जमिनीवर पेरणी करणारे गरीब 'डिगर्स' आहेत. यंत्राने त्यांचे 'जेसीबी' केलेत.