जुन्या यशिकाचा फोम

आज म्हापशात दिवसभर यशिका मॅट १२४जी या एका जुन्या फिल्म कॅमेऱ्याशी झटापट. निगेटिव्हवरचा काळा डाग फ्रेमबाहेर, थेट फिल्मच्या काठापर्यंत गेलेला. म्हणजे उजेड मागच्या दारातून शिरतोय. फ्रेमपुरताच असता तर आधी लेन्सच्या बाजूला शोधावं लागलं असतं. रोलभर दोन्ही काठ काळे असतील तर बहुधा कॅमेरा निर्दोष, रोल सैल गुंडाळला गेलाय.

दाराच्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट. आमची दमट हवा, दुसरं काय! टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडला. कॅमेरा उपडा धरायचा, चुरा आत पडता कामा नये. जाड फोम भरला की दार बसत नाही. खाचेत फोमऐवजी काळी लोकरही चालते. मग उजेड अजून शिरतोय का ते बघायला नवा रोल, लेन्सवर झाकण आणि दार ५ मिनिटं उन्हाकडे.