एकच पातेलं

घरी माणसं जमणार असली की मी एकच पदार्थ करते. मोठं पातेलंभर काहीतरी, सोबत भात, चिरलेला कांदा आणि काकडी. माझ्या नणंदेला हे बरीच वर्षं खटकायचं. "वहिनी, निदान एखादं गोड तरी?" गोड तिने आणावं, मी आनंदाने खाईन. पण पाच-सहा पदार्थ करणारी बाई सगळ्यांत शेवटी जेवायला बसते, तेही निवलेलं, आणि सगळ्या गप्पा तिच्या पाठीमागे होऊन जातात, हे मी आईच्या बाबतीत आयुष्यभर बघितलंय. मला गप्पांत असायचंय.

पातेल्यात बहुतेक वेळा राजमा असतो. माणशी ६० ते ७० ग्रॅम सुका धरते, म्हणजे १५ जणांना एक किलो. शिजून तो अडीच किलोच्या आसपास जातो, वर रस्सा. आठ लिटरपेक्षा लहान पातेल्यात हा संसार मावत नाही. तांदूळ माणशी ७५ ग्रॅम.

राजमा रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं आणि कुकरला लावायचं. हल्ली कोणी कोणी भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकून दिवसभर मंद ठेवतात. ते करू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. ते मोडायला निदान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते; नुसतं ८० अंशांपर्यंत तापवत ठेवलं तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो.

चौघांच्या अंदाजाने शिकलेला हात १५ जणांना फसतो, आणि सगळ्यांत आधी फसतो तो पाण्यात. चौपट जिन्नस म्हणून चौपट पाणी घातलं की रस्सा पाणचट. मोठ्या पातेल्यात खोली जास्त आणि त्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी, म्हणून वाफ कमी जाते. मी पाणी आधी बेताचंच घालते, लागलं तर वरून गरम. तिखटही हात राखून. ज्यांना झणझणीत हवं त्यांच्यासाठी मिरच्या बाजूला ठेवलेल्या असतात.

आणि तो बटाटा! खारट झालं की बटाटा टाका, तो मीठ ओढून घेतो, असं प्रत्येक काकू सांगते. बटाटा रस्सा शोषतो, रस्स्यासोबत त्यातलं मीठही. मागे उरलेला रस्सा खारट तो खारटच. त्यापेक्षा मीठ घालायच्या आधी वाडगाभर शिजलेला राजमा बाजूला काढून ठेवावा. हात सैल सुटलाच तर तो आणि थोडं गरम पाणी कामाला येतं.

हे सगळं मी आदल्या दिवशी करते. एक तर मुरल्यावर मीठ-मसाला दाण्याच्या आतपर्यंत जातो, आणि दुसरं म्हणजे दार वाजतं तेव्हा मी घामाघूम नसते. फक्त ते खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलायचं नाही. वरून गार लागलं तरी मधोमध ते तासन् तास कोमट राहतं, आणि ५ ते ६० अंशांच्या मधला काळ जंतूंना फार मानवतो. दोन-तीन पसरट भांड्यांत काढायचं, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी चांगली उकळी.

"मी काय आणू?" या प्रश्नाला "काही नको" म्हणणं मी सोडून दिलंय. रिकाम्या हाताने आलेला माणूस पाहुण्यासारखा कोपरा धरून बसतो. त्याच्यावर लिंबं आणायचं काम टाकलं की तो आल्या आल्या सुरी मागतो. पातेलं मी गॅसवरच ठेवते, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. स्वयंपाकघरात दाटी होते, कोणीतरी ओट्याला टेकून तिथेच खायला लागतं. दीर एरवी कपही विसळत नाहीत, पण त्या गर्दीत त्यांनी ताटं धुतलेली आहेत.

उरलं तर बांधून देते. डबे परत येत नाहीत, म्हणून आइस्क्रीमचे रिकामे डबे साठवून ठेवलेत. भात मात्र कोणाला देत नाही. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. गप्पांच्या नादात भात किती वेळ बाहेर होता हे कोणाच्याच लक्षात नसतं. त्यामुळे राजमा न्या, भात घरी जाऊन ताजा लावा.