नुसता बॉक्स विकला नाही, म्हणून टिकलो

कॅट फाइव्ह-ई केबल जोडताना तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, हे लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही नेटवर्कवाल्याला माहीत असतं. पाळणारे कमी. ऑफिसांची नेटवर्क उभारून ती सुरक्षित ठेवायचा आमचा धंदा त्याच कामातून सुरू झाला. केबल ओढायची, क्रोन टूलने पॅच पॅनेलमध्ये, म्हणजे सगळ्या केबली येऊन मिळतात त्या पट्टीत, तारा बसवायच्या, टोकाला आरजे-४५ प्लग क्रिम्प करायचा आणि टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात का ते बघायचं. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावायची सवय तेव्हापासूनची. लेबलाचा सुरक्षेशी काय संबंध, असं नवी मुलं विचारतात. एका मशीनमधून काहीतरी पसरतंय असं दिसलं, की स्विचवरचं, म्हणजे सगळी मशीन जोडणाऱ्या पेटीवरचं, तेवढंच पोर्ट (खोबण) मिनिटभरात बंद करता आलं पाहिजे. लेबल नसेल तर अख्खा स्विच बंद करावा लागतो, आणि त्याबरोबर बिलिंगही.

१२ मे २०१७ला वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तो ज्या त्रुटीतून शिरत होता तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. आमच्या ग्राहकांकडे तो बसवलेला होता आणि एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगची, जुनी पहिली आवृत्ती बंद होती, त्यामुळे कुठेही काही झालं नाही. झालं नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, आणि मुंबईतले मालक फायरवॉलची, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेटच्या मधल्या पहारेकरी बॉक्सची, चौकशी करू लागले.

नेमक्या त्या वेळी आमच्याहून पुष्कळ मोठी एक कंपनी बाजारात उतरली. नाव घेत नाही. वार्षिक करारासोबत फायरवॉल फुकट, अशी त्यांची योजना होती. आमच्या कोटेशनमध्ये आधी कामांची यादी असायची आणि बॉक्स सगळ्यात शेवटी. यादी वाचायला वेळ लागतो, बॉक्स डोळ्यांना दिसतो. एकेक ग्राहक गेला.

त्या बॉक्सचं दुखणं काय होतं ते तपशीलात सांगतो, कारण आजही तोच प्रकार दिसतो. सगळं ऑफिस एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच भागात: अकाउंट्सची मशीन, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर), पाहुण्यांचं वायफाय, सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ मध्येच. फायरवॉलला दिसतो तो फक्त तिच्यातून जाणारा ट्रॅफिक. एकाच स्विचवरची दोन मशीन परस्पर बोलतात तेव्हा फायरवॉलला त्याचा पत्ताही नसतो, आणि वॉनाक्रायसारखी गोष्ट फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून (इथे पोर्ट म्हणजे खोबण नव्हे, मशीनचं क्रमांकाचं दार) तशीच पसरते. आतून बाहेर जाण्याचा नियम ‘एनी-एनी’, म्हणजे सगळं चालू. वर्षभराने सबस्क्रिप्शन संपतं, धोके ओळखायच्या सिग्नेचर जुन्या होतात, पण दिवे लुकलुकत राहतात आणि मालकाला वाटतं पहारा चालू आहे.

आम्ही आधी नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडतो, त्यांना व्हीलॅन म्हणतात. अकाउंट्स आणि सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये, बाकी स्टाफ २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये, पाहुणे ४० मध्ये, स्विचचं मॅनेजमेंट ९९ मध्ये. कॅमेऱ्यांना इंटरनेट नाही. २०१६मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या पासवर्डवरच ताब्यात घेतले होते. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. स्टाफला सर्व्हरवर लागेल तेवढंच पोर्ट. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून अरुंद नियम वर आणि सगळ्यात खाली ‘सगळं नाकार’, त्याचं लॉगिंग चालू ठेवून. पहिल्या आठवड्यात त्या लॉगमध्ये राहून गेलेले प्रिंटर आणि बायोमेट्रिक मशीन सापडतात, तेव्हा नियम नीट करायचे. घाईने ‘एनी-एनी’ परत टाकायचा नाही. कुणीतरी टेबलाखाली घरचा वायफाय राउटर लावतोच आणि तो मशीनना आपले आयपी पत्ते वाटू लागतो. असं परकं वाटप अडवायला स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग. एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचून अख्खा मजला बंद पाडणारेही असतात. अशी खोबण आपोआप बंद करायला बीपीडीयू गार्ड. हे सगळं साध्या मॅनेज्ड स्विचवर होतं, महाग लायसन्स लागत नाही.

मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागलं आणि घरून टॅली हवी, असे फोन सुरू झाले. त्या कंपनीने फायरवॉलवरून ३३८९ पोर्ट, म्हणजे दुरून विंडोज चालवायचं दार, थेट सर्व्हरला जोडून दिलं, काही ठिकाणी ३३८९च्या जागी ३३८९०. आकडा बदलल्याने काही लपत नाही, स्कॅनर सगळी पोर्टं तपासतात. त्यात विंडोजच्या मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला तेव्हा लॉकआउट लागूच होत नसे. ती सोय ऑक्टोबर २०२२च्या अपडेटने आली. म्हणजे पासवर्ड कितीही वेळा चुकवा, दार बंद होत नाही.

आमच्या हातून गेलेल्या एका ग्राहकाचा सर्व्हर असाच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झाला. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, पुसल्या होत्या, आणि बॅकअपची यूएसबी डिस्क कायम जोडलेली असल्याने तीही गेली. रॅकमधल्या केबलींवर लेबलं आमची होती. तेवढ्यावरून बाजारात बोलवा झाला की आमचं नेटवर्क फुटलं. नवीन कामं थांबली, उधारीवर माल मिळेना, मुलांचे पगार देणं कठीण झालं. सर्व्हरच्या लॉगमध्ये ४६२५ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, रांग होती आणि शेवटी एक ४६२४, म्हणजे जमलेलं लॉगिन. फायरवॉलच्या बदलांच्या नोंदीत ते पोर्ट कोणत्या तारखेला कुठल्या खात्यातून उघडलं तेही लिहिलेलं होतं, आणि ते खातं आमचं नव्हतं. आम्ही हे छापून दिलं. बोलवा करणाऱ्यांपैकी एकानेही आपला शब्द मागे घेतला नाही. ते मनातून जात नाही.

त्या काळात प्रिन्सेस स्ट्रीटवरचे औषधांचे एक घाऊक व्यापारी, आम्ही त्यांना काका म्हणतो, आमच्यामागे उभे राहिले. तीच कंपनी त्यांच्याकडेही फुकट बॉक्स घेऊन गेली होती. काकांनी दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली आणि त्या माणसाला विचारलं, “सर्व्हर उडाला तर परत कधी उभा राहील, ते तुमच्या कागदात कुठे आहे?” लॉकडाउनमध्ये त्यांनी पुढच्या वर्षाचं पूर्ण बिल आगाऊ भरलं. त्यांच्याकडे एकही पोर्ट बाहेर उघडं नाही: व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट), त्यावर ओटीपी, आणि व्हीपीएनमधून दिसतं ते फक्त टॅलीचं मशीन. सर्व्हर स्वतः बॅकअप पाठवत नाही, एनएएस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) तो ओढून घेतो, आणि एनएएसचा पासवर्ड सर्व्हरवर कुठेच सेव्ह नाही. शिवाय दोन डिस्क आळीपाळीने. एक ऑफिसात, एक दादरला काकांच्या घरी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा दोन्ही प्रती एकाच तळमजल्यावर ठेवायच्या नाहीत, हे मुंबईत वेगळं सांगावं लागू नये. दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्याच मशीनवर उतरवून टॅलीची कंपनी उघडतो आणि ट्रायल बॅलन्स जुळवतो. ‘बॅकअप सक्सेसफुल’ या हिरव्या अक्षरांवर आम्ही सही करत नाही.

या धंद्यात येणाऱ्या मुलांना, विचारलं नाही तरी, काही सांगतो. ग्राहकाने धोक्याचं पोर्ट उघडायला सांगितलं तर नकार लेखी द्या आणि पोचेवर सही घ्या. ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत ठेवा. कर्मचारी सोडून गेला की त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद. हल्ला झालेलं मशीन फॉरमॅट करू नका, वीजही काढू नका. नेटवर्कची केबल काढा, वेळ लिहा, लॉग दुसरीकडे उतरवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे हल्ला कळवायला ६ तास मिळतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने जुळवा, नाहीतर फायरवॉलची नोंद एक वेळ सांगते आणि सर्व्हरची दुसरी.

सध्या आमचा सगळा वेळ विंडोज १०च्या मशीनमध्ये जातो. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. जी बदलता येतात ती बदलतोय. लेबल प्रिंटर किंवा वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमुळे जी अडून आहेत ती व्हीलॅन ५० मध्ये: इंटरनेट नाही, मेल नाही, सर्व्हरकडे एकच पोर्ट, आणि यूएसबी बंद.