मान खाली घालून

पाय मुरगळला ते एका अर्थी बरंच झालं. जिना संपला असं समजून मी पाऊल टाकलं आणि तो संपला नव्हता, बास एवढंच, पण तीन आठवडे घोट्याला क्रेप बँडेज. डॉक्टर म्हणाले चाला, पण बघून चाला. तेव्हापासून रोज सकाळी मी मान खाली घालून आमच्या कॉलनीत फिरतेय, एखादी वस्तू हरवल्यासारखी.

त्याआधी चालायचे ती जोरात, कानात हेडफोन, मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतंय, आणि दरवर्षी व्हायचं असं की थंडी सरता सरता एक दिवस सहज वर बघितलं की समोरची काटेसावर लालभडक. अरे, ही कधी फुलली? म्हणजे सुरुवात कधी बघितलीच नाही मी, डायरेक्ट मध्यंतरानंतरचा सिनेमा. दर वेळी ठरवायचे, पुढच्या वर्षी पहिलं फूल पकडायचंच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यंदा मात्र नजर फुटपाथवर, त्यामुळे पहिल्यांदा कळलं की बातमी वर यायच्या आधी खाली आलेली असते. आधी दिसल्या त्या गुलाबी पाकळ्या, चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या, गटाराच्या जाळीला चिकटलेल्या. वर बघितलं तर गिरिपुष्प. या झाडाकडे कोणी ढुंकून बघत नाही, कुंपणाला लावायचं, फांद्या छाटायच्या, संपलं. मूळचं मध्य अमेरिकेकडचं, तिकडे कोकोच्या झाडांना सावली द्यायला लावतात. आपल्याकडे याला उंदीरमारी पण म्हणतात, कारण बिया आणि साल उंदरांना विषारी, आणि गंमत म्हणजे ग्लिरिसिडिया या शास्त्रीय नावाचा अर्थसुद्धा तोच, उंदीर मारणारा. एवढं नाजूक फिकट गुलाबी फूल आणि नाव बघा!

मग पार्किंगमधल्या गाड्या. गाडीच्या काचेवरून वर कोणतं झाड आहे आणि त्याचं काय चाललंय हे ओळखता येतं, हा माझा या तीन आठवड्यांतला सगळ्यात मोठा शोध. आंब्याखालच्या गाड्यांच्या काचा चिकट. मोहरावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि तो गोड चिकटा खाली शिंपडतात, मग त्यावर धूळ बसते आणि वायपर फिरवला की काम आणखी बिघडतं. गाडीवाला वैतागतो, आणि ते बरोबरच आहे, पण मी त्या काचेवर मोहराची बारीक, पिवळसर फुलं चिकटलेली बघत उभी राहिले. एका तुऱ्यात शेकडो, कधी काही हजार फुलं असतात आणि त्यातून फळं धरतात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बाकीची सगळी काचेवर.

पिंपळाखालच्या गाडीवर वेगळाच माल. कागदासारखी पातळ, टोकदार, गुलाबीसर पापुद्र्यांची नक्षी. मला वाटलं एखादा किडा कात टाकून गेला. एक उचललं तर आतून गुळगुळीत, पकडीला इतकं हलकं की श्वासाने उडालं. ते होतं कोंबाचं वेष्टण. पिंपळाचं नवं पान त्यात गुंडाळलेलं असतं, पान उलगडलं की ते गळतं, पुस्तकी भाषेत त्याला उपपर्ण म्हणतात. वर बघितलं तर अख्खं झाड तांबूस, पानं ओल्या रुमालासारखी लोंबतायत. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य भरायला वेळ लागतो, तोवर हा तांबडा रंग त्याला उन्हापासून सांभाळतो. चार-पाच दिवस एकच फांदी लक्षात ठेवून रोज बघितली, तांबडी, मग शेवाळी, मग पोपटी, आणि पानांना कणा आल्यासारखी ती सरळ झाली. एवढं नाटक आणि तिकीट नाही.

पण मला हवी होती ती काटेसावर.

एका सकाळी ती मिळाली. मी खोडापासून दोन हातांवर असताना थप्प असा आवाज झाला, ओला टॉवेल पडावा तसा. अख्खं फूल. पाकळी पाकळी करून गळणं हा प्रकार या झाडाला माहीतच नाही. उचललं तर चांगलं वजनदार, पाच जाड, मेणचट पाकळ्या, बाहेरून किंचित लवदार, मध्ये पुंकेसरांचा भरघोस ब्रश आणि तळाशी एक घोटभर ओल. हुंगून बघितलं तर वास असा काही नाही. लागतही नाही, कारण सावरीची बरीचशी गिऱ्हाइकं पक्षी, आणि ते वासावर नाही, रंगावर येतात, मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही पण पक्ष्यांना चांगला दिसतो. वर बुलबुल, साळुंक्या, दोन कावळे, एक खार, नुसती झुंबड. त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी धक्क्याने हे खाली आलं असणार.

मी फूल तळहातावर घेऊन अगदी विजयी मुद्रेने उभी, तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आल्या.

"मावशी, बघा, सावरीचं पहिलं फूल!"

त्यांनी फुलाकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, मग परत फुलाकडे. "पहिलं कसलं ताई, दहा दिवस झाले सुरू होऊन. मी साडेपाचला झाडते, तुम्ही सात वाजता येता."

म्हणजे इतकी वर्षं पहिलं फूल रोज पहाटे टोपलीत जात होतं! मग त्या झाडता झाडता सांगत सुटल्या. सावर जड, ती झाडूने सरकत नाही, हाताने उचलावी लागते. पांगाऱ्याच्या फुलांवरून पाय घसरतो. पिंपळाचं ते कागदी काम वाऱ्याने परत पसरतं म्हणून वारा पडला की झाडायचं. कडुनिंबाची फुलं सगळ्यात बेकार, फरशीच्या फटीत बसतात. आख्खं वेळापत्रक तोंडपाठ, आणि सगळं खालून पाठ केलेलं.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या एका जमीनदाराने 1736 पासून अशाच नोंदी ठेवल्या होत्या, पहिलं फूल कधी, कोणत्या झाडाला पालवी कधी, बेडूक कधी ओरडला, पाकोळ्या कधी आल्या. त्याच्या नोंदी 1789 मध्ये छापून आल्या, आणि त्याच्यामागे घरच्यांनी ते काम 1958 पर्यंत चालू ठेवलं. दोनशेच्या वर वर्षं! माझ्या घरात दुधाचा हिशोब महिनाभर सलग लिहिला जात नाही. पण वाटलं, मावशींनी हातात वही धरली असती तर?

शेवटी मीच फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायला घेतलं. कोपऱ्यावरच्या पळसाचं अजून लिहायचंय. त्याला पाने तीनच म्हणतात, पण फुलायच्या वेळी तेवढीही नसतात, नुसत्या वाकड्यातिकड्या काड्या आणि त्यांना लगडलेल्या काळपट, मखमली कळ्या. जवळून बघितलं तर एकीच्या टोकाला केशरी चोच फुटतेय. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे हा पोपट की काय, आणि ते नाव ज्याला सुचलं तो नक्की असाच एका कळीपुढे उभा राहिला असणार. मावशींना विचारलं, कधी उघडेल? "गुरुवार," त्या म्हणाल्या, विचार वगैरे न करता.

बँडेज सुटलंय. सावरीपुढची तारीख मी खोडली, दहा दिवस मागची लिहिली आणि शेजारी बारीक अक्षरात 'मावशी'. बुधवारी रात्री मी साडेपाचचा गजर लावलाय.