मूळचे किती उरलात?

दिवाळीच्या पहाटे ठाण्यात तलावपाळीवर आमच्या बँडचं वाजवून झालं, सामान टेम्पोत चढलं आणि आम्ही मिसळ खायला जाऊन बसलो. समोरच्या बाकावर तुम्ही होतात, पिवळा झब्बा, कानात अत्तराचा फाया. आधी म्हणालात, "चांगलं वाजवता हो." मग पाव मोडता मोडता, "पण मूळचे किती उरलात आता?" मी म्हटलं, दोघं. "आणि तो गाणारा? उंच, केसाळ?" म्हटलं, तो २००४ साली सोडून गेला. "मग नाव कशाला तेच ठेवलंय?"

माझ्या घशात तर्री गेली. ठसका ओसरेपर्यंत तुम्ही पैसे देऊन निघून गेला होतात.

प्रश्न मला नवा नाही. लग्नात भेटलेला मेहुणा विचारतो, ऑफिसातली पोरं विचारतात, आणि त्याचं धाकटं भावंडही पाठोपाठ येतंच: "ते तुमचे परदेशी रॉक बँडवाले, गोरे म्हातारे, त्यांच्यात तरी आता खरं कोण राहिलंय? कशाला एवढे पैसे घालवून जाता?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदमच देतो.

आम्ही १९८९ साली पाचजण होतो. नौपाड्यातल्या एका इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीखाली ड्रम आणि पाऊस नसेल तेव्हा बाकीचे उघड्यावर. मी बेस वाजवतो. म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी बंद पडली तरच लोकांना कळतं की ती चालू होती. कीबोर्डवाला १९९७ला कॅनडात गेला. गायक २००४ला गेला, भांडून. ड्रमर २०१७ साली गेला, म्हणजे खरोखरच गेला. उरलो रिदम गिटारवाला आणि मी. त्याला गुडघा, मला साखर.

आता 'मूळचा' कोणाला म्हणायचं? इंग्लंडचा रॉक बँड डीप पर्पल घ्या. १९६८ साली बँड निघाला तेव्हा रॉड इव्हान्स गायचा आणि बेसवर निक सिंपर होता. पुढच्याच वर्षी दोघांना नारळ मिळाला, इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले, आणि १९७२ साली 'मशीन हेड' हा अल्बम निघाला. ज्याचा रिफ, म्हणजे गिटारचा तो परत परत येणारा तुकडा, गिटार बघायला आलेलं प्रत्येक पोर दुकानातच वाजवून दाखवतं आणि दुकानदार डोळे मिटून घेतो, ते त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' गाणारा माणूस मूळचा नव्हता. बीटल्सचा रिंगो १९६२च्या ऑगस्टमध्ये आला, पीट बेस्टच्या जागी. एसी/डीसीचा बॉन स्कॉट १९८०च्या फेब्रुवारीत वारला आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम बाजारात आला, नव्या गायकाच्या आवाजात. लोक हळहळतात त्या स्कॉटसाठी. पण तोही एसी/डीसीचा पहिला गायक नव्हता.

लोक ज्याला मूळचा म्हणतात, तो बहुतेक वेळा त्यांनी पहिल्यांदा ऐकलेला असतो. तुम्ही आम्हाला ९५-९६च्या आसपास ऐकलं असणार. आमचा गायक केसाळ होता तो तेवढीच वर्षं.

दुसरी गोष्ट माझ्या सोयीची आहे, हे आधीच कबूल करतो. कोण टिकलं ते बघा. डीप पर्पलमध्ये पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकच माणूस आहे, इयन पेस, ड्रमर. आयर्न मेडनमध्ये स्टीव्ह हॅरिस, बेस. येसमध्ये ख्रिस स्क्वायर, बेस, २०१५ साली मरेपर्यंत. फ्लीटवुड मॅकचं तर नावच ड्रमर आणि बेसवाल्याचं: मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही. ज्या पीटर ग्रीनने १९६७ साली तो बँड काढला तो तीन वर्षांत बाहेर पडला. गिटारवाले आले, गेले, पण ती दोन आडनावं मागे तशीच उभी. जगाने डोक्यावर घेतलेला त्यांचा अल्बम 'रूमर्स' १९७७चा, आणि त्यातले दोघं बँडात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आपल्याकडचं उदाहरण तर फारच बोलकं. इंडियन ओशन १९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी काढला. अशीम २००९च्या नाताळात वारला, सुस्मित २०१३ साली बाहेर पडला. काढणाऱ्यांपैकी कोणीही नाही. तरी मी त्यांना ऐकतो तेव्हा क्षणभरही वाटत नाही की दुसरंच कोणी वाजवतंय, कारण राहुल राम १९९१ पासून आहे आणि अमित किलम १९९४ पासून. कोण आहेत ते? बेस आणि ड्रम. मी काय बोलणार?

रोलिंग स्टोन्स मात्र माझं गणित बिघडवतात. बेसवाला बिल वायमन १९९३ला सोडून गेला, चार्ली वॉट्स २०२१ला वारला, आणि पुढे नाचणारे दोघे अजून नाचतायत. असो.

गन्स एन' रोझेस मी दोनदा ऐकलं. २०१२च्या डिसेंबरात बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानात, तेव्हा जुन्या पाचांतला एकटा गायक अ‍ॅक्सल रोझ होता, बरोबर तीन-तीन गिटारवाले. मग २०२५च्या मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, जुना गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ मॅकेगन परत आल्यावर. पहिल्या वेळी एकही सूर चुकला नव्हता, तरी मी घड्याळ बघत होतो. दुसऱ्या वेळी अ‍ॅक्सलचा आवाज वरच्या पट्टीत कापत होता. पण 'स्वीट चाइल्ड' गाण्याच्या सुरुवातीला गिटारपाठोपाठ बेस वरच्या सुरात येतो ना, ती जागा डफने घेतली आणि माझा उजवा हात आपोआप पँटच्या खिशावर वाजायला लागला. शेजारची मुलगी, वय वर्षं वीस, माझ्या खिशाकडे बघत होती. तेव्हा मूळच्या माणसाला किंमत नाही असं मी म्हणतच नाही. किंमत आहे. फक्त ती गळ्यातच असते असं नाही.

तुम्ही नाटकवाले दिसलात, शेजाऱ्याला गडकरी रंगायतनचे प्रयोग सांगत होतात, म्हणून तुमच्याच पेठेतलं विचारतो. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली आणि १९२१ साली, एकतिसाव्या वर्षी ते गेले. तेव्हा पाटी उतरवायला हवी होती का? बापूराव पेंढारकरांनी कंपनी चालवली, त्यांच्या पश्चात भालचंद्र पेंढारकरांनी. केशवरावांना ऐकलेले म्हातारे बापूरावांच्या काळात नक्कीच म्हणत असणार, "ती मजा नाही राहिली." आणि तिकीट काढून पहिल्या रांगेत येऊन बसत असणार.

नावाचं भांडण आम्हीही केलंय. गायक सोडून गेल्यावर दोन वर्षांनी त्याचा खारघरहून फोन. "नाव मी सुचवलं होतं, काढून टाका." मी म्हटलं, नाव तू सुचवलंस, पण अ‍ॅम्प ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून मी वाहिलाय. पिंक फ्लॉइडमध्ये हेच झालं होतं. रॉजर वॉटर्स १९८५ साली बाहेर पडला आणि बाकीच्यांनी ते नाव वापरू नये म्हणून कोर्टात गेला. १९८७च्या अखेरीस तडजोड झाली, नाव मागे राहिलेल्यांकडे राहिलं. २०१३ साली वॉटर्सने मुलाखतीत मान्य केलं की तेव्हा आपलं चुकलं. आमचा गायक अजून तिथवर पोचलेला नाही, पण गणपतीला घरी बोलावतो. या बाबतीत मला भीड वाटत नाही. जो सामान उचलतो, रविवारी सकाळी जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं भरतो, त्याचं नाव.

माझी जीभ अडते ती दुसऱ्या ठिकाणी.

२०२२च्या डिसेंबरात घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात थर्टीफर्स्टचं वाजवायचं होतं. आयोजकांनी फोटो मागितला, मी म्हटलं पाठवतो, आणि वर्षअखेरच्या गडबडीत विसरलो. त्यांनी आमच्या जुन्या पानावरून पूर्वीचा उचलला, पाचही जणांचा, छान काळे केस असलेला. आणि खाली नावं छापली आत्ताच्या पाचांची, ओळीने. तो बॅनर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत वहिनींपर्यंत गेला. वहिनी म्हणजे आमच्या ड्रमरची बायको. रात्री साडेदहाला फोन. मला वाटलं रडतील. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, फोटो राहू दे. फोटोत तो छान दिसतो. पण चेहरा त्याचा आणि खाली नाव दुसऱ्या कुणाचं, हे कसं?"

मी आयोजकांना फोन केला तर समोरून उत्तर आलं, "सर, लोकांना काय कळतंय." बॅनर बदलला नाही. आम्ही वाजवून आलो, कारण आगाऊ रक्कम घेतली होती आणि टेम्पोवाला ठरला होता. त्या रात्रीची माझी शरम अजून गेलेली नाही.

अमेरिकेतल्या किस बँडने हा घोळ वेगळ्याच तऱ्हेने मिटवलाय. त्यांचे चेहरे पहिल्यापासून रंगवलेले, त्यामुळे गिटारवाला एस फ्रेली सोडून गेल्यावर पुढे टॉमी थेयरने तोच रंग तोंडाला फासला. २०२३च्या डिसेंबरात शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी पडद्यावर स्वतःच्या डिजिटल आकृत्या सोडल्या, यापुढे आमच्याऐवजी या. दशावतारात रंगाखालचा माणूस बदलतो तेव्हा गावाला ठाऊक असतं की यंदा अमक्याचा मुलगा उभा आहे. इथे रंगाखाली माणूसच नाही. वहिनींना काय वाटेल, एवढाच माझा निकष आहे आणि त्या निकषावर हे मला पटत नाही.

मग थांबलो का नाही? थांबलो होतो की. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनम १९८०च्या सप्टेंबरात वारला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी पत्रक काढून आवरतं घेतलं. मला ते नेहमीच भारी वाटत आलं. २०१७ नंतर आम्हीही तसंच करायचं ठरवलं, फक्त पत्रक काढलं नाही, कारण वाचणार कोण. दोन वर्षं बेस पलंगाखाली.

२०१९च्या १५ डिसेंबरला आम्ही दोघं ठाण्याहून नेरुळची लोकल पकडून डी. वाय. पाटीलला यू-टू ऐकायला गेलो. चौघेच्या चौघे शाळेपासूनचे. त्यांचा बँड जमवला तोही ड्रमरनेच. लॅरी मलनने १९७६ साली शाळेच्या बोर्डावर चिठ्ठी लावली होती. आमचा गिटारवाला अख्खा वेळ मलनकडेच बघत होता, गायक बोनोकडे नाही. परतीच्या गाडीत ऐरोली गेल्यावर म्हणाला, "एक पोरगा आहे. कळव्याचा. ऐकून तर बघू." (२०२३ साली मलनची शस्त्रक्रिया झाली म्हणून लास वेगासला यू-टूही त्याच्याशिवाय उभे राहिले. ते वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

पोरगा तेव्हा बावीस वर्षांचा. पहिल्याच रविवारी आम्ही त्याला आमचं एक गाणं बसवून ये म्हणून सांगितलं होतं, १९९४च्या कॅसेटवरचं. त्या गाण्याची एक भानगड आहे. दादरच्या स्टुडिओत आमच्याकडे दोन तासांचे पैसे होते. शेवटच्या ध्रुवपदाच्या तोंडाशी आमच्या ड्रमरच्या घामट हातातून काठी सटकली. त्याने दुसरी उचलेपर्यंत एक अख्खी मात्रा रिकामी गेली. आम्ही सगळे दचकून गप्प, मग एकदम सुरू. परत करायला वेळ नव्हता, तसंच कॅसेटवर गेलं. त्या रिकाम्या मात्रेची त्याला इतकी लाज वाटायची की पुढची तेवीस वर्षं स्टेजवर तो तिथे हटकून दुप्पट रोल, म्हणजे काठ्यांची सलग धडधड, भरायचा. कॅसेट कुणी लावली की खोलीबाहेर जायचा.

ती कॅसेट कुणीतरी यूट्यूबवर चढवलीय. पोराने तिथून ऐकून गाणं बसवलेलं. आला, स्टूल खाली केलं, काउंट दिला, चाललं होतं छान. शेवटच्या ध्रुवपदापाशी आम्ही दोघं रोलच्या तयारीने वाकलो आणि त्याने दोन्ही काठ्या हवेत धरल्या. एक मात्रा काहीच नाही. आम्ही भुईवर आपटल्यासारखे थांबलो.

"काका, काय चुकलं?" त्याने विचारलं. "ही जागा अशीच आहे ना?"

मी गिटारवाल्याकडे बघितलं. तो तारांवरचा घाम पुसत होता, नको इतका वेळ. मग म्हणाला, "अशीच आहे. परत घे."

तेव्हापासून अशीच वाजवतो. वरून शिव्या येत असतील. परवा पहाटे तलावपाळीवरही तसंच वाजवलं, आणि त्या एका मात्रेत गर्दीतून एक टाळी ऐकू आली. गाणं संपलं समजून कुणीतरी वाजवलेली, एकट्यानेच. मी मान वर करून बघितलं तर पिवळा झब्बा. मग आम्ही सुरू झालो आणि तुम्ही हात खाली घेतलेत.