एक शनिवार फोर्ट ते गिरगाव: पेपर, फलक, पीयूष आणि नाटक

मुंबईत आलेला पाहुणा गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि वेळ उरलाच तर हाजीअली करून परत जातो. कोल्हापूरहून आलेल्या भाच्याला मात्र यातलं काही नको होतं. तो पत्रकारिता शिकतोय. "मामा, बातमी कुठे शिजते ते दाखव," म्हणाला. मग त्याला घेऊन व्हीटीपासून गिरगावापर्यंत पायी निघालो. आता सीएसएमटी म्हणायचं, पण आमच्या तोंडात व्हीटीच बसलंय. आडवळणं धरून पाच-सहा किलोमीटरची चाल होते.

माझं मत असं की या शहराचं राजकारण, वर्तमानपत्रं, नाटक आणि नाश्ता ही चारही एकाच पट्ट्यात वाढली, आणि त्याचं कारण घराच्या आकारात आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं असली की पाहुणा बसवायला जागा कुठली? म्हणून चर्चा गॅलरीत, वाद नाक्यावर, भेटीगाठी हॉटेलात आणि संध्याकाळ थिएटरात. हे टॅक्सीतून दिसत नाही, त्यामुळे चालायची तयारी ठेवा.

वार शनिवारच धरा. रविवारी मेगाब्लॉकमुळे लोकलचा भरवसा नसतो, आणि फोर्टातल्या बऱ्याच टपऱ्या-हॉटेलं बंद असतात. कामाच्या दिवशी फोर्टात उभं राहून वर बघण्याची सोय नाही, मागून धक्का बसतो. शनिवारी निम्मी ऑफिसं बंद, दुकानं चालू आणि नाटकांचे प्रयोग भरपूर. पावसाळा टाळलेला बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सकाळी आठला स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडून तीन-चार मराठी पेपर घेतले. हा खर्च चुकवू नका. मोबाइलवर बातमी मिळते, पण पान मिळत नाही. एकच बातमी कुणी पहिल्या पानावर आठ कॉलम घेतली आणि कुणी पाचव्या पानाच्या तळाशी सारली, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं. भाच्याचा पहिला धडा तिथेच फुटपाथवर झाला. पेपर टाकून देऊ नका, नाटकांच्या जाहिराती संध्याकाळी लागतात.

स्टेशनसमोर महापालिकेचं मुख्यालय. दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाच्या. स्टेशन 1888 मध्ये पुरं झालं, पालिकेची इमारत 1893 मध्ये. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. 1888 च्या ज्या कायद्याने ही पालिका आजही चालते, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा. पर्यटक बहुतेक स्टेशनकडे तोंड करून फोटो काढतात. त्यांनी जरा वळावं, कारण मुंबईतल्या स्थानिक बातम्यांचं उगमस्थान पाठीमागे आहे. 227 नगरसेवक, आणि 2025-26 चं बजेट 74 हजार कोटींच्या वर. काही छोट्या राज्यांचं बजेटही एवढं नसतं. एवढ्या पैशांचा कारभार असताना 7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडलं. मधल्या काळात प्रशासक. पालिका 'कव्हर' करणाऱ्या बातमीदाराचं काय होत असेल बघा: स्थायी समिती नाही, सभागृहातली खडाजंगी नाही, सभात्याग नाही. उरतात ती परिपत्रकं.

इमारत आतून बघायची असेल तर शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह फेरी असते. 2021 मध्ये हा उपक्रम सुरू झाला. आधी ऑनलाइन नोंदणी करा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि फेरी चालू आहे ना हे आठवडाभर आधी तपासा. जिना आणि घुमट बघण्यासारखे आहेतच, पण जमलं तर सभागृहाच्या लाकडी बाकांपाशी जरा रेंगाळा.

तिथून डी. एन. रोडने, कमानींच्या सावलीतून, हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन 1864 चं. शेजारचं मशालधारी शेतकरी-कामगारांचं स्मारक त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी आलं. 21 नोव्हेंबर 1955 ला इथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. पुढच्या काही वर्षांत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. कुणी 105 म्हणतं, कुणी 106, कुणी 107, आणि भाषणात आकडा चुकला की दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी होते. 1 मे आणि 21 नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे नेते हारांसह येतात. एरवी इथे घोटभर सावलीसाठी कुरिअरवाले बसलेले असतात. कोनशिलेवरची नावं वाचायला पाच मिनिटं द्या. भाचा नावं वाचता वाचता म्हणाला, "यात आडनावावरून एक जात, एक जिल्हा काढताच येत नाही." तेच तर बघायला आणलं होतं.

हॉर्निमन सर्कल पाच मिनिटांवर. तिथली लाल इमारत 'मुंबई समाचार'ची. 1822 पासून निघणारं हे गुजराती वर्तमानपत्र आशियातलं सलग चालू असलेलं सर्वांत जुनं. मराठीतलं पहिलं, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', त्यानंतर दहा वर्षांनी, 6 जानेवारी 1832 ला निघालं, तेही याच मुंबईत. चौकाला ज्याचं नाव आहे तो बेंजामिन हॉर्निमनही संपादकच, 'बॉम्बे क्रॉनिकल'चा. जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्यावर सरकारने 1919 मध्ये त्याला इंग्लंडला धाडलं. समोर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या आहेत. बसा, पाय मोकळे करा, पण फोटोवाली जोडपी तिथे रांग लावतात हे गृहीत धरा.

तोवर भूक लागते. धोबी तलावापर्यंत चाला आणि मेट्रो सिनेमासमोर कयानीत शिरा. 1904 चं इराणी हॉटेल. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा ही इथली किमान मागणी, त्यावर मावा केक. ब्रून कडक असतो, चहात बुडवूनच खायचा. पाहुणे सुका चावायला जातात आणि दात चाचपतात. गर्दीत टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि मुंबईच्या हॉटेलची गंमत त्यातच आहे. आमच्या टेबलावर एक काका शब्दकोडं सोडवत होते. भाच्याच्या हातातले पेपर बघून म्हणाले, "अग्रलेख वाचतोस की नुसते मथळे?" पुढची वीस मिनिटं पुनर्विकासावर व्याख्यान. फुकट. सुटे पैसे ठेवा.

इथून जगन्नाथ शंकरशेट मार्ग धरायचा: चिराबाजार, ठाकुरद्वार, गिरगाव, प्रार्थना समाज. हा रस्ता सरळ चालून संपवू नका. इथलं खरं वर्तमानपत्र भिंतींवर आणि खांबांवर आहे. फ्लेक्स वाचायला शिका. 'भावी नगरसेवक' हा शब्द दिसला की त्या वॉर्डात तिकिटासाठी चढाओढ आहे असं समजा. मधला चेहरा कुणाचा हे दुय्यम, वरच्या पट्टीत कुणाकुणाचे छोटे गोल फोटो आहेत आणि कुणाचा गळलाय, हे महत्त्वाचं. खाली शुभेच्छुकांची नावं असतात, त्यांत मंडळाचे अध्यक्ष, केबलवाले, बिल्डर. शिवसेना फुटल्यापासून तर एकाच नाक्यावर दोन शाखा, दोन भगवे आणि बाळासाहेबांचा तोच फोटो दोन्हीकडे. एका शाखेबाहेर काळा फळा होता, खडूने लिहिलेला: वर सुविचार, मध्ये रक्तदान शिबिराची वेळ, खाली 'उद्या सकाळी पाणी कमी दाबाने येईल'. भाच्याने फोटो काढला तो त्या शेवटच्या ओळीचा. पोरगं बातमीदार होणार.

चिराबाजारात मासळी बाजाराचा वास तुम्हाला गाठतोच. सकाळी अकराच्या आत गेलात तर सुरमई-पापलेटाचे भाव ऐकायला मिळतात, घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका. कोळणी रिकामटेकड्यांना ओळखतात.

गिरगावातल्या चाळी हा या फेरीचा गाभा. खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे, मुंबईतला पहिला. मूर्ती आजही लहान आणि थाट साधा. जवळच शांताराम चाळ, तिथल्या पटांगणात स्वराज्य मागणाऱ्या होमरूल चळवळीच्या काळात सभा गाजल्या. आणि याच खाडिलकर रोडवर 'नवाकाळ', कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 मध्ये काढलेला. नाटककार आणि संपादक एकच माणूस, रस्त्यालाही त्यांचंच नाव. माझा मुद्दा मला यापेक्षा चांगला सिद्ध करता आला नसता.

चाळीत शिरताना भान ठेवा. ही लोकांची घरं आहेत. जिन्यापाशीच प्रश्न येतो, "कोणाकडे?" याला 'असंच बघायला' हे उत्तर चालत नाही. "गणपतीची जागा बघायला आलोय, आजी, चालेल का?" असं विचारलं की चेहरा बदलतो. आम्हाला आजींनी गॅलरीत उभं करून कठड्यावरून सगळी चाळ बोटाने दाखवली: कोण कांदिवलीला गेलं, कोण डोंबिवलीला, कुणाची खोली आता गोदाम आहे. नोटीस बोर्डावर तीन कागद होते. भाड्याची पावती नेण्याची सूचना, सत्यनारायणाचं आमंत्रण आणि विकासकाबरोबरच्या बैठकीची तारीख. गिरगावाचं राजकारण या तिसऱ्या कागदात आहे. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून जुन्या भाड्याने घेतलेल्या खोल्या, दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या 1940 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती, म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेचं दुरुस्ती मंडळ आणि दर पावसाळ्याआधी निघणारी धोकादायक इमारतींची यादी. मराठी माणूस मुंबईबाहेर गेला, हे भाषणात ऐकू येतं. कसा गेला, ते या बोर्डावर तारीखवार लिहिलेलं असतं. घरांच्या आतले फोटो काढू नका, आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, लोक झोपलेले असतात.

जेवणाचं म्हणाल तर गिरगावात भरपेट थाळीपेक्षा थोडं थोडं चार ठिकाणी खाणं शहाणपणाचं. फणसवाडीतल्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ. ती कोल्हापुरी नाही, त्यामुळे भाच्याने नाक मुरडलंच: "कट कुठाय?" मुंबईची मिसळ सौम्य, किंचित गोडसर आणि पोटाला सोसणारी. तुलना करत बसाल तर दोन्हींची मजा घालवाल. प्रकाश दुग्ध मंदिरात साबुदाणा वडा आणि पीयूष. श्रीखंड-ताकाचं हे केशर-वेलचीचं पेय एक पेला दोघांत पुरे, नाहीतर पुढची चाल जड जाते. भाच्याने दोन पेले घेतले आणि मिसळीबद्दलची तक्रार मागे घेतली. प्रिन्सेस स्ट्रीटवरून वळून आलात तर पारसी डेअरीची कुल्फीही वाटेत पडते, 1916 पासूनची डेअरी आहे.

खोताची वाडी थोडक्यात: ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची, कौलारू घरं, आता मोजकी उरलेली. अर्धा तास पुरतो. हळू आवाजात बोला. इथे फोटोवाल्यांना वैतागलेल्या रहिवाशांनी पाट्या लावल्यात, त्या पाळा. पुढे वेळ असेल तर चौपाटीवर टिळकांचा पुतळा. 1 ऑगस्ट 1920 ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते गेले आणि अंत्यसंस्कार इथे वाळूत झाले. समोर भेळवाले आहेत, पण तोवर पोटात जागा राहत नाही.

आता सकाळचे पेपर उघडा. नाटकांच्या जाहिराती म्हणजे वेगळी बोली: 'शनि. दु. 4, शिवाजी मंदिर', 'रवि. रात्री 8, यशवंत', प्रयोग क्रमांक ठळक. गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह आहे, 1964 चं. तिथे प्रयोग असेल तर तोच निवडा, कारण या वस्तीचं नाटक या वस्तीत बघण्याची गोष्ट वेगळी. आमच्या दिवशी नव्हता. मग गिरगाव स्टेशनवरून मेट्रो 3 ने थेट दादर. ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंतचा मार्ग चालू झाल्याने हा प्रवास फारच सोपा झालाय. या स्टेशनच्या कामात इथल्या काही जुन्या इमारती गेल्या, हेही सरकत्या जिन्यावरून उतरताना लक्षात असू द्या.

शिवाजी मंदिरात बाल्कनीचं तिकीट घेतलं तरी चालतं, आवाज वरपर्यंत नीट पोचतो. तिकीट ऑनलाइन मिळतं, पण खिडकीवर गेलात तर बुकिंगवाला नाटक कसं आहे हे चेहऱ्यावरून सांगतो. तिसऱ्या घंटेच्या आत बसा. मध्यंतरात बटाटेवड्यासाठी पहिला अंक संपण्याआधी उठणारे महाभाग असतात. तुम्ही उठू नका, छबिलदासच्या गल्लीतला वडा प्रयोग संपल्यावरही मिळतो. रात्रीचा प्रयोग बघणार असाल तर परतीला मेट्रो धरू नका, ती लवकर बंद होते. लोकल मध्यरात्रीनंतरही असते.

सोबत काय घ्यावं: पाण्याची बाटली, मळखाऊ कपडे, बंद बूट (चिराबाजारात चप्पल घसरते) आणि एक पिशवी. स्वच्छतागृह स्टेशनात किंवा हॉटेलातच गाठा, रस्त्यावर बायकांची पंचाईत होते. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर फेरी दोन भागांत करा, सकाळी फोर्ट आणि संध्याकाळी मेट्रोने थेट गिरगाव. पैशांचं म्हणाल तर नाटकाचं तिकीट सोडून पेपर, खाणं, मेट्रो धरून माणशी सहाशे-सातशेत सगळं आरामात बसतं. गुढीपाडव्याला आलात तर हा क्रम उलटा करा. सकाळी फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते, गिरगावात पाय ठेवायला जागा नसते, आणि फ्लेक्स वाचायला त्याहून चांगला दिवस नाही.