सालसातले अंगठेबहाद्दर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि तुम्ही म्हणजे गेल्या सहा-सात वर्षांत सालसा या जोडीने करायच्या नाचाच्या क्लासच्या जिन्यात, पार्किंगमध्ये, एकदा तर चक्क बँकेच्या रांगेत हे विचारणारे सगळेच. प्रश्न साधारण असा असतो (लीड म्हणजे जोडीत पुढची स्टेप ठरवणारा, फॉलो करणारी म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर नाचणारी): "स्टेप्स सगळ्या येतात हो मला, पण मुली एकदा नाचतात आणि पुन्हा विचारलं की त्यांना नेमकी तहान लागते. लीड करताना माझं काय चुकतंय?"

अंगठा चुकतोय. दहातल्या आठ वेळा तरी अंगठाच.

सालसात तुमची चार बोटं पुढे असतात, तिची बोटं त्यांच्यावर अलगद अडकलेली, बस एवढंच. अंगठा बाजूला, बेकार. कारण ती वळते तेव्हा तिच्या बोटांना तुमच्या बोटांभोवती फिरायचं असतं, बिजागरी फिरते तशी, आणि तुम्ही वरून अंगठ्याने दाबून ठेवलंत की बिजागरी जाम, मग फिरतं ते मनगट, आणि मनगट किती फिरतं ते आत्ता वाचता वाचता फिरवून बघा.

मला हे कसं कळलं तर लाज वाटावी असं कळलं. पहिलं वर्ष, पुण्यातला एका गच्चीवरचा सोशल (म्हणजे सगळ्यांनी नाचायला जमायची संध्याकाळ), मी नवा नवा जोशात, एका गाण्यात तेवीस टर्न मारले असतील, गाणं संपलं, समोरची "थँक यू" म्हणाली, हसली पण, आणि वळल्यावर मनगट चोळत चोळत गेली. मला वाटलं जुनं दुखणं असेल! पुढच्याच आठवड्यात क्लासला मुली कमी होत्या म्हणून सरांनी मला फॉलो करायला उभं केलं, समोर एक जिमवाला दादा, त्याने माझा हात पहिल्या बीटपासून असा पकडला की जसं मी पाकीट मारून पळतोय. दुसऱ्या टर्नला माझ्या तोंडून आई गं निघालं. सर लांबून म्हणाले, "तू पण असंच धरतोस." मग त्यांनी फर्स्ट एडच्या डब्यातली कागदी चिकटपट्टी काढून आम्हा दोघांचे अंगठे तर्जनीच्या कडेला बांधून टाकले आणि तासभर तसंच नाचायला लावलं. तेव्हापासून आमच्या बॅचमध्ये दाबून धरणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. सही येत नाही म्हणून अंगठा.

अंगठा निघाला की पुढची अडचण उघडी पडते, ती म्हणजे ओढल्याशिवाय सांगायचं कसं. तर वेळेवर सांगायचं. सालसाचं गाणं मिनिटाला 180 बीटचं धरा, म्हणजे आठ बीट पावणेतीन सेकंदांच्या आतच संपतात. तिने पाचला वळावं असं वाटत असेल तर तुमचा हात तीनलाच वर जायला पाहिजे, म्हणजे तिला जेमतेम पाऊण सेकंदही मिळत नाही. आपण हात उचलतो साडेचारला, उशीर झालाय हे आपल्यालाही कळतं आणि तो उशीर आपण जोर लावून भरून काढतो. सगळा धसमुसळेपणा तिथून येतो, वाईट स्वभावातून नाही. आणि वर गेलेला हात तिच्या डोक्यावर छोटा गोल काढतो, ताक घुसळत नाही, हे पण लक्षात असू द्या. क्रॉस बॉडी लीडला, म्हणजे तिला आपल्यासमोरून पलीकडे पाठवायच्या स्टेपला, तर हातापेक्षा पायांचं काम जास्त, तुम्ही दोन-तीनला तिच्या वाटेतून बाजूला झालात की समोरची जागा मोकळी दिसते आणि ती पाच-सहा-सातला निघून जाते, बोहारणीशी घासाघीस केल्यासारखी ओढाताण करावीच लागत नाही. पण पाठवायच्या आधी तिकडे बघा! तिची पाठ आहे, डोळे तुमचे आहेत, मागे कोणाची टाच आहे की ट्रे घेतलेला वेटर आहे ते तुम्हालाच दिसतं. धक्का लागला तर चूक कोणाची हा हिशोब न करता लीडने सॉरी म्हणून टाकायचं.

विचारायचं कसं? समोरून जायचं, नजरेला नजर, हात पुढे. मागून खांद्यावर टिचकी नको. नाही म्हणाली तर "ओके" आणि हसून पुढे, कारण विचारायचं नाही, दहा मिनिटांनी ती दुसऱ्याबरोबर दिसली तर तोंड पाडायचं नाही. ब्युनोस आयर्सच्या टँगोवाल्यांनी यावर फार छान तोड काढलीय, त्यांच्या मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्यात, लांबूनच नजर जुळवायची आणि मान किंचित हलवायची, काबेसेओ म्हणतात त्याला, तिने नजर वळवली की विषय संपला आणि अख्ख्या हॉलला पत्ता नाही. आपल्याकडे अख्ख्या टेबलासमोर हात पुढे करतात, मग नाही म्हणणं तिला जड जातं, म्हणून नाईलाजाने आलेली आणि हौसेने आलेली यातला फरक ओळखायला शिका.

बचाता (सालसापेक्षा जवळून नाचायचा प्रकार) असेल तर अंतर ती ठरवणार. तुमचा उजवा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाशी, तो गाणं सुरू असताना कंटाळून खाली उतरत नाही. ती हाताने थोडं मागे रेटतेय असं वाटलं तर तेच उत्तर, तिथेच थांबायचं. आणि ओळख नसताना डिप, म्हणजे तिला हातावर मागे झुकवणं, बंद म्हणजे बंद. तिची कंबर, तिचा स्लिप डिस्क, तुम्हाला काय माहीत? व्हिडिओत भारी दिसतं मान्य, पण व्हिडिओतल्या दोघांनी त्याची महिनाभर प्रॅक्टिस केलेली असते.

फ्लोअरवर शिकवू नका. हे मी वेगळ्या ओळीत लिहितोय कारण पुण्यात ही साथ आहे, तीन महिने क्लास केलेला माणूस दोन महिने केलेलीला गाणं चालू असताना "वेट मागे ठेव" सांगतो. नवीन असेल तर सरळ बेसिक करा, दोन सोपे टर्न द्या, अख्खं गाणं त्यातच गेलं तरी चालतं, तुम्ही कंटाळलात हे मात्र चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

घामाचं थोडक्यात. जास्तीचे दोन टीशर्ट, एक पंचा (नॅपकिन पुरत नाही), घड्याळ आणि अंगठ्या काढून खिशात, रात्री जेवणात ठेचा असेल तर सोशलनंतर जेवा. घामावर बॉडी स्प्रे मारणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही. मडगावकडच्या एका लग्नात मात्र एक पाहिलं ते सांगतो. बँड वॉल्ट्झ वाजवत होता, सत्तरीपुढचे एक अंकल नवरीशी नाचायला उठले आणि आधी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून आपल्या उजव्या तळव्यात धरला, मग तो हात तिच्या पाठीवर ठेवला. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "ड्रेस पांढरा ना बाबा, आपला हात ओला." तेव्हापासून माझ्याकडेही एक रुमाल जास्तीचा असतो.

गाणं संपलं की थँक यू म्हणून तिला फ्लोअरच्या कडेपर्यंत सोडायचं, दोन गाणी झाली की हात सोडायचा. आणि हो, फॉलो करून बघा, एक महिना तरी. आमच्याकडे दोन मुली लीड करतात, त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपला हात किती जड आहे ते पाच मिनिटांत कळतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, बायको काही म्हणत नाही का. म्हणते ना. ओले टीशर्ट बादलीत भिजवल्याशिवाय बेडरूममध्ये यायचं नाही म्हणते.